सगळ्यांचं झाल्यावर

सत्यशीलाबाईंना समुद्र बघायचा नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर अर्ध्या चामोर्शी गावाने करून घेतला तसा तुमचाही समज व्हायचा, की बाईला म्हातारपणी हौस सुटली. हौस नव्हती, अंगात त्राणही नव्हतं. त्यांना फक्त मुलासोबत एकदा बसून जेवायचं होतं, आणि मुलगा जहाजावर होता.

मुलगा राजदीप. नागपुरात हॉटेलचं शिक्षण घेऊन तो सहलीच्या जहाजावर लागला, जेवणघरात वाढायला. दोन वर्षांत एकदाच घरी आला, तोही मामेबहिणीच्या लग्नापुरता, आणि त्या लग्नातही पंगतीत वाढत फिरला. जहाजाची कंपनी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलतीत फिरवते असं त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा खुशालभाऊ, म्हणजे त्याचे वडील, फोन ठेवायच्या आधीच तयार झाले. सत्यशीलाबाईंनी एवढंच विचारलं, "मंग तू असशील ना संगं, जेवाच्या वक्ती?"

"मी तिथीच राह्यतो, माय. जेवाच्याच वक्ती तं राह्यतो," राजदीप म्हणाला.

बाईंची सगळी नोकरी भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकी म्हणून गेली. पोरं जेवायची, मग मास्तर लोक, मग पाहुणे असले तर पाहुणे, आणि सगळ्यांचं झाल्यावर बाई. पावसाळ्यात नदी रस्त्यावर आली की धान्याची गाडी अडकायची, डाळ पातळ होत जायची, आणि शेवटी बसणाऱ्याच्या वाट्याला गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, बुडाशी लागलेलं यायचं. कधी तेही नाही. मग पेज पिऊन मोकळं. राजदीप लहान होता, आईसोबत तिथल्याच खोलीत राहायचा. स्टीलची थाळी पुढ्यात घेऊन तो म्हणायचा, "माय, तू बी बस ना." बाई झारा न थांबवता म्हणायच्या, "तू जेव. मी मागून जेवतो." असं म्हणता म्हणता पोरगा मोठा झाला, बाई रिटायर झाल्या, धानाच्या शेताच्या तुकड्यापाशी घरी येऊन बसल्या, पण बसून जेवायची काही सवय लागली नाही. खुशालभाऊंचं आटोपलं की त्या चुलीजवळ, गुडघ्यावर थाळी ठेवून उरकायच्या.

निघायच्या आधी राजदीपने फोनवर बरंच बजावलं. मोठी बॅग खोलीवर उशिरा पोचते, म्हणून बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. समुद्रात फोन लागत नाही. चढल्यावर भोंगा वाजेल, घाबरू नका, बुडायची तालीम असते ती. पोट ढवळलं तर लिंबू हुंगा. एक कार्ड देतील, तेच खोलीची किल्ली, ते हरवू नका. खुशालभाऊंनी सगळं पाठ केलं आणि नागपूरच्या गाडीत शेजारच्या अनोळखी माणसालाही शिकवलं. बाईंनी पिशवीत गोळ्या ठेवल्या, आणि त्यांच्या खाली डबाभर लाखोळीच्या डाळीचे वडे.

तो डबा मुंबईच्या बंदरावरच अडला. बॅगा तपासणाऱ्या पोरीने सांगितलं, शिजवलेलं अन्न आत नेता येत नाही. ही गोष्ट नेमकी राजदीप सांगायला विसरला होता.

"पोरासाठी हायेत. तो आतच हाये कामाले," बाई म्हणाल्या.

"काकू, नियम आहे. बाहेर बसून खाऊन टाका," पोरगी म्हणाली. बोलली गोडच, पण बोट कचऱ्याच्या डब्याकडे होतं.

अन्न टाकायचं ही गोष्ट बाईंच्या हातून होण्यासारखी नव्हती. त्या बाहेर आल्या, टॅक्सीवाल्यांना, हमालांना, लेकरू घेऊन उभ्या असलेल्या एका बाईला वडे वाटले. खुशालभाऊंनी चार मारले. डबा पुसून पिशवीत गेला तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की स्वतःच्या तोंडात एकही पडला नाही, पण त्याचं त्यांना काही विशेष वाटलं नाही. वाईट वाटलं ते राजदीपचं.

जहाज म्हणजे पाण्यावर उभी केलेली बहुमजली इमारतच. लिफ्ट, गालिचे, दुकानं, पोहायचा हौद. चहूकडे समुद्र असताना वर आणखी हौद कशाला, हे खुशालभाऊंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांची खोली आतल्या बाजूची, बिनखिडकीची. पलंगावर टॉवेलाचा हत्ती करून ठेवलेला. कोणीतरी एवढ्या मेहनतीने केलाय म्हणून बाईंनी तो मोडला नाही, आपल्या जुन्या पंच्यानेच तोंड पुसलं. भोंगा वाजला, केशरी जॅकेटं घालून सगळे रांगेत उभे राहिले. बाई माणसामाणसाच्या तोंडाकडे बघत होत्या, त्यात राजदीप नव्हता. त्या संध्याकाळी त्याला वेगळ्याच मजल्यावरच्या जेवणघरात लावलं होतं.

आणि मग ते जेवण. एका लांबलचक हॉलमध्ये झाकणांची चकचकीत भांडी ओळीने मांडलेली, पाहिजे ते, पाहिजे तितकं, आपल्या हाताने घ्यायचं. खुशालभाऊ पुलावावर नूडल, नूडलवर जिलबी असं रचत एका कोपऱ्यात स्थिरावले. बाई मात्र रिकामी प्लेट घेऊन खांबाशी उभ्या राहिल्या. लोक घेत होते. लोकांचं होऊ दे, मग आपण घेऊ. पण ही पंगत उठेचना. एक घोळका गेला की दुसरा यायचा, आणि जेवून उठलेला माणूसच पुन्हा प्लेट घेऊन हजर. एका पोराने येऊन विचारलं, "मॅडम, कुछ चाहिए?"

"नाई बाबा, लोकाईचं होऊ दे," बाई म्हणाल्या. तो काहीच न कळून हसला आणि निघून गेला.

शेवटी लोक खरोखर पांगले. बाई समाधानाने पुढे झाल्या, तर झाकणं पडत होती, भांडी गाड्यावर चढून आत चालली होती. वरच्या मजल्यावर म्हणे उशिरापर्यंत काहीबाही मिळत होतं, पण ते त्यांना सांगतो कोण? हजार-दीड हजार माणसांचं अन्न पोटात घेऊन चाललेल्या जहाजावर सत्यशीलाबाई पाणी पिऊन झोपल्या. खोली हळूहळू हलत होती. त्यांना थकल्यासारखं झालं होतं, आणि का आलो इथे, असंही वाटलं.

सकाळी राजदीप त्यांच्या हॉलमध्ये आला. काळी पॅन्ट, पांढरा सदरा, छातीवर नावाची पट्टी. आईने उठून त्याच्या तोंडावरून हात फिरवायला घेतला तसा तो अर्धं पाऊल मागे सरला, कारण समोर त्याचा साहेब उभा होता.

"तुही माय काल उपाशी झोपली," खुशालभाऊंनी लगेच चहाडी केली.

राजदीपने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "माय, हे काई आश्रमशाळा नाई. इथी कोनाचंच होत नसते. आपलं आपून घ्याचं." मग तोच जाऊन प्लेट भरून घेऊन आला. बाई खाताना तो बाजूला उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मनगटावर झाकणाच्या वाफेचा डाग. डोळे आत गेलेले. एका पायावरचं ओझं दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचं पुन्हा पहिल्यावर. चुलीवरच्या मोठ्या गंजापुढे त्या स्वतः अशाच उभ्या राहायच्या.

"बस ना रे जरा."

"गिऱ्हाइकाजवळ बसता येत नाई, माय."

"मी गिऱ्हाईक हाये?"

"इथी हायेस."

बाईंनी घास गिळला. "तू कवा जेवतं मंग?"

"होते खालती. सगळ्याईचं झाल्यावर," तो म्हणाला आणि कुणीतरी बोलावलं म्हणून गेला.

गोवा आलं आणि गेलं. खुशालभाऊ उतरून चर्च बघून आले, बाई पाय दुखतात म्हणून जहाजावरच राहिल्या. परतीच्या दिवशी राजदीपने साहेबाला विनवून दुपारचा थोडा वेळ मागून घेतला. कर्मचाऱ्यांच्या मागच्या डेकवर घरच्या माणसाला परवानगीने नेता यायचं. खुशालभाऊ मुद्दाम जादूचे प्रयोग बघत बसले. एवढं शहाणपण त्यांच्यात होतं.

डेकवर लोखंडी टेबल, दोन खुर्च्या, आणि सगळीकडे पाणीच पाणी. बाईंनी पाण्याकडे बघितलंही नाही. राजदीपने दोन प्लेटा आणल्या, वरण, भात, बटाट्याची भाजी. आईपुढे प्लेट ठेवली. मग पाणी आणलं. मग चमचा. मग मीठ लागेल म्हणून मिठासाठी परत गेला. शेवटी खुर्चीच्या कडेवर टेकला.

"कर सुरू," बाई म्हणाल्या.

"तू जेव. मी मागून जेवतो," राजदीप म्हणाला.

सहज म्हणाला, लक्षही नव्हतं त्याचं. बाईंचा हात भातातच राहिला. त्यांना राग आला नाही, रडूही आलं नाही. लाज वाटली, आणि आयुष्यभराचा थकवा एकदम खांद्यावर येऊन बसला. पोराला शिकवलं ते त्याला असं ताटकळत उभं राहावं लागू नये म्हणून. आणि तो नेमकं उभं राहणंच आईकडून शिकला होता, कोणी न शिकवता.

"माह्यं बोलनं तू काऊन बोलून राह्यला?"

राजदीपला उशिराने कळलं. तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "लहानपनापासून हेच तं आयकलं, माय. मले वाटे, एखांद्या दिवशी तू बसशील."

"आता बसली ना मी."

"आता मले बसता येत नाई. बसलं का पाय ठनकते. उभंच बरं वाटते."

ते खरं होतं. बसलं की ठणक सुरू होते, म्हणूनच तर माणूस बसत नाही. त्यांनी वरणभात कालवला आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. कुणाचं व्हायची वाट न बघता घेतलेला घास. तो बघून राजदीपनेही घेतला. दोघांनी मोजके घास खाल्ले असतील नसतील, तोच त्याच्या कमरेचं, कामावर बोलावणारं यंत्र वाजलं. तो उठला. बाईंनी एक घास उचलून धरला, तो त्याने उभ्यानेच खाल्ला, तोंड पुसलं आणि लोखंडी जिना उतरून गेला.

त्याची प्लेट तशीच राहिली. बाईंचा हात तिच्याकडे गेला, जन्मभर उरलेलं संपवणारा हात. पण त्यांनी तो मागे घेतला, प्लेटवर कागदी रुमाल झाकला, आपलं आपलं जेवल्या आणि बसून राहिल्या. शेवटी एक पोरगा आला, दोन्ही प्लेटा उचलून घेऊन गेला.

चामोर्शीला परतल्यावर शेजारच्या केसरबाई धावत आल्या. "काय काय पाह्यलं वो बाई जहाजात?"

"बसाले खुर्च्या चांगल्या होत्या," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी खुशालभाऊंचं ताट मांडलं, त्याच्यासमोर आपलंही मांडलं आणि खाली बसल्या. खुशालभाऊ घास हातात धरून बघतच राहिले. भाकर संपली तशी त्यांनी सवयीने वर पाहिलं. "भाकर कोन देईल?"

"टोपलं तुमच्याजवळच हाये."

त्यांनी चाचपडत भाकर घेतली. बाई दोनदा उठायला गेल्या, पाणी राहिलं म्हणून, मीठ राहिलं म्हणून, आणि दोन्ही वेळा गुडघ्यावर हात दाबून बसल्या. पाय ठणकत होते. राजदीप पावसाळा सरल्यावर घरी येणार होता. तोवर त्यांना बसायची सवय करून घ्यायची होती.