कर्णिक सरांच्या आतल्या खोलीतला सर्व्हर

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. फोन चालू ठेवला की ते आपोआप येतात, आणि नेमके आपण जेवायला बसल्यावर येतात! माझ्याकडे इतके साठलेत की चारजण जमले की कुणीतरी म्हणतंच, "शुभदा, तो गॅसवाला सांग ना." सगळे हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? ते घडत होते तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं.

आधी मामला काय तो सांगते. कर्णिक सर आमचे केमिस्ट्रीचे प्राध्यापक. रिटायर झाल्यावर त्यांनी अंबरनाथ पश्चिमेच्या आपल्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत, एक सर्व्हर बसवला. सिकलसेलच्या आजारावर औषध होऊ शकतील अशी ढीगभर रसायनं कॉम्प्युटरवर तपासायची, हे त्यांचं वेड. पण एवढं गणित एका मशीनला जन्मभर पुरेल. म्हणून सरांनी ओळखीपाळखीच्या लोकांना गळ घातली, "तुमचा घरचा कॉम्प्युटर रिकामा असतो तेव्हा आम्हाला द्या." आमचा सर्व्हर इंटरनेटवरून गणिताचे तुकडे पाठवतो, लोकांचे कॉम्प्युटर ते सोडवून परत पाठवतात आणि सगळे निकाल आमच्या चार हार्ड डिस्कच्या डब्यात साठतात.

सरांची एक जुनी विद्यार्थिनी एका प्रयोगशाळेत आहे. गेल्या दिवाळीपर्यंत पूर्ण निकाल हातात आले तरच ती त्यातली निवडक रसायनं प्रत्यक्ष तपासून देणार होती. त्यानंतर तिची मशीन दुसऱ्या कामाला जाणार. म्हणजे सरांची सगळी मेहनत त्या एका डब्यात! आणि डबा जिवंत ठेवायची जबाबदारी माझी. दिवसा मी एमआयडीसीतल्या कंपनीत क्वालिटी बघते, उरलेला वेळ काळजी करते.

*

पहिल्याच वर्षीची गोष्ट. कंपनीत पूजा आटोपून, हातात पेढा घेऊन, मी सहज मोबाईलवर सर्व्हर बघितला. निकाल येणं बंद! एक कॉम्प्युटर गेला, दुसरा गेला, बघता बघता जवळजवळ सगळेच गायब. पेढा तसाच हातात धरून मी रिक्षाने सरांकडे पोचले. राउटर बंद-चालू केला, केबल बदलली, सर्व्हर दोनदा रिस्टार्ट केला. सर मागे येरझाऱ्या घालत होते, "डेटा गेला का गं? डेटा गेला का?"

शेवटी मी चौधरीकाकांना फोन लावला. आमचे पहिल्या दिवसापासूनचे मेंबर.

"काका, तुमचा कॉम्प्युटर दिसत नाहीये. नेट गेलंय का?"

"अगं, आज खंडेनवमी ना! हळदकुंकू लावून, हार घालून ठेवलाय. पूजेच्या दिवशी कुणी मशीन चालवतं होय?"

आमचे निम्मेअधिक मेंबर कारखान्यांतून रिटायर झालेले! सगळ्यांनी आपापली मशीन बंद करून पुजली होती. मी स्वतः तासाभरापूर्वी बंद मशीनसमोर हात जोडून उभी होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

काका वर मलाच झापतात, "आणि तुमचा सर्व्हर आजच्या दिवशी चालू? काय माणसं आहात तुम्ही!"

*

आता तो गॅसवाला.

लाईट गेली की सर्व्हरला थोडा वेळ तग धरायला यूपीएस असतो. बॅटरी संपत आली की तो बीप-बीप करतो, म्हणजे आपण पटकन जाऊन सर्व्हर नीट बंद करायचा. तसाच धाडकन बंद पडला तर डिस्कवरच्या फाइल्स बिघडू शकतात. त्या दुपारी सर बाहेरगावी होते आणि किल्ली माझ्याकडे. लाईट गेल्याचा मेसेज आला तशी मी धावत निघाले.

बिल्डिंगपाशी पोचते तर अख्खी सोसायटी खाली! सगळ्यांच्या नाकातोंडावर ओले रुमाल. एका आजोबांना खुर्चीसकट उतरवलेलं. आमच्याकडे कारखाने इतके जवळ, की कसलाही भोंगा वाजला की माणसं आधी रुमाल भिजवतात.

"वर जायचं नाही!" सेक्रेटरींनी हात आडवा घातला. "गॅस लीक आहे. अलार्म वाजतोय ऐकू येत नाही का?"

"अहो, तो आमचा यूपीएस आहे! बॅटरी संपतेय, मला जाऊ द्या!"

"वास येतोय का तुम्हाला?"

"नाही ना!"

"मला पण नाही. ज्याला वास नाही तोच गॅस सगळ्यात डेंजर!"

वर बॅटरी मरत होती आणि खाली माझ्यावर बौद्धिक चाललं होतं. शेवटी तडजोड झाली. ओढणी भिजवून नाकावर बांधायची, मगच वर जायचं. तशी बांधून मी सर्व्हर बंद केला, बीप थांबला आणि खालून टाळ्या ऐकू आल्या. सेक्रेटरी आजही लोकांना सांगतात, "या बाईंनी जिवावर उदार होऊन गॅस बंद केला!"

*

शहाडच्या गायकवाडकाकूंची तऱ्हा वेगळी. थंडीत त्या विरजणाचं पातेलं कॉम्प्युटरच्या मागे ठेवतात. आमचं गणित चालू असलं की कॉम्प्युटर छान तापतो, आणि दही घट्ट लागतं. मला हे कसं कळलं? एका सकाळी फोन आला.

"शुभदा, तुमचं काही बंद पडलंय का?"

"नाही हो काकू. का?"

"बघ बाई. माझं दही लागलं नाही."

मी बघितलं. सर्व्हर चालू होता, पण कामाचे तुकडे पाठवणारा प्रोग्राम रात्रीच बसला होता. धोक्याचा मेसेज पाठवायला मी खास व्यवस्था करून ठेवली होती, ती ढिम्म. तेव्हापासून थंडीत काकूंचा नंबर दिसला की मी आधी लॅपटॉप उघडते. परवा त्यांनी नुसतं हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला फोन केला होता, आणि "हॅलो"च्या आधी मी विचारलं, "दही लागलं का?"

*

डिस्क आम्ही उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये हरेशभाईंकडून घेतो. चारपैकी एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचा भार उचलतात. नवी घातली की तिच्यावर सगळं पुन्हा भरून निघतं. पण ते भरून निघायच्या आत दुसरी गेली, तर खेळ खलास. त्यामुळे एखादी कुरकुरली की मी तडक हरेशभाईंच्या दुकानात.

एकदा अशीच एक घेऊन गेले. त्यांनी ती मशीनला जोडली, कानाशी धरली, डोळे मिटून ऐकलं. मग डिस्क हळूच काउंटरवर ठेवून ते म्हणाले, "मॅडम, कितने टाइमसे साथ थी?"

"चार वर्षं."

"घरवालोंको बोल दो. आता सेवा करून काय फायदा नाय."

*

गेल्या नवरात्रात मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. एक डिस्क गेली. मी नवी घातली, तिच्यावर डेटा भरायला लागला, आणि ते अर्ध्यात असताना दुसरी गेली.

मी वेगळी प्रत काढून ठेवते, पण ती गणपतीच्या आधीची होती. त्यानंतरचं सगळं गेलं. सरांना सांगितलं तर ते ओरडलेसुद्धा नाहीत. "अरे," एवढंच म्हणून खुर्चीत बसले. दिवाळी तोंडावर. मला त्यांच्याकडे बघवेना.

कुणाचे निकाल गेले ते मी तपासलं. जवळजवळ अर्धे एकाच कॉम्प्युटरचे होते, कुळगावच्या भोईरकाकांचे. उरलेले बाकीच्यांनी मिळून वेळेत पुन्हा सोडवले असते. पण या अर्ध्याचं काय करायचं? सर्वांचे कॉम्प्युटर रिकाम्या वेळात चालतात, काकांचा दिवसरात्र चालू.

मेंबरांच्या ग्रुपवर मी हे सांगितलं, तेव्हा चौधरीकाकांनी लिहिलं, "भोईर आमच्या कंपनीत सॅम्पल रूमला होता. त्याला विचारा."

मी ताडकन उठले. आमच्या धंद्यात माल गेटबाहेर जाण्याआधी प्रत्येक बॅचचा नमुना बाटलीत भरून कपाटात ठेवतात. उद्या तक्रार आली तर आपल्याकडे पुरावा हवा. भोईरकाकांनी निकालांचेही नमुने ठेवले असतील का? फोन लावला तर बंद. सर म्हणाले, "चल, घरीच जाऊ."

दार भोईरकाकूंनी उघडलं. आत भिंतीवर काकांचा फोटो होता. फोटोला हार.

"श्रावणात गेले," त्या म्हणाल्या.

आम्हाला पत्ताच नव्हता. कुणाचा कॉम्प्युटर किती काम करतो त्या यादीत मी रोज त्यांचं नाव बघत होते. सगळ्यात वर असायचं.

कोपऱ्यात कॉम्प्युटर चालू होता. काकू घाबरून आमच्याकडे बघत होत्या. "काही चुकलं का हो? मी कशाला हात नाही लावला. लाईट गेली की परत चालू करते तेवढं. त्यांनी दाखवलेलं तसंच."

सरांनी नुसते हात जोडले. मीच विचारलं, "काकू, ते या कामाची कॉपी कुठे ठेवायचे का?"

त्यांनी कपाटातून लोणच्याची बरणी काढली. आत पेनड्राइव्ह, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी. जुन्या चिठ्ठ्यांवर काकांचं अक्षर. शेवटच्या दोनांवर वेगळं, गिरवून गिरवून काढलेलं.

"भरला की नवा लावायचा, सांगून गेले होते," काकू म्हणाल्या. "एक अजून त्यालाच लावलेलाय."

मी लॅपटॉप उघडून एकेक बघत गेले. सगळं होतं. अगदी सगळं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सर चष्मा काढून पुसत बसले.

काकूंनी चहा आणला. मग जरा वेळाने, कुणाकडेही न बघता, त्यांनी विचारलं, "म्हणजे आता त्यांचं काम झालं ना? बंद करायचं असेल तर तुम्हीच करा. माझ्याच्यानं ते बटण दाबवत नाही."

सर उठले. कॉम्प्युटरपाशी वाकले, कान लावून ऐकलं आणि खिशातल्या रुमालाने मागची धूळ पुसली.

"वहिनी, पंखा जरा आवाज करतोय," ते म्हणाले. "रविवारी येऊन बदलून देतो."