कानातली गर्दी

शनिवार-रविवारी गाणारे लोक माझ्या काय कामाचे? आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. अख्खं जग रविवारी लोळत पडलेलं असतं तेव्हा मी चाकणला प्रेस शॉपमध्ये, पत्र्यातून गाड्यांचे दरवाजे काढत उभा. आणि पुण्यात रॉकचा कार्यक्रम ठेवणाऱ्यांना गुरुवार कधी सुचत नाही. एकदा सुट्टी बदलून मागितली, तर सुपरवायझर म्हणाला, "राव, लग्नबिग्न असेल तर सांग. गाण्याला कोण सुट्टी देतं?" म्हणून आजवर मी एकही कॉन्सर्ट बघितलेली नाही, आणि माझा मोबाईल मात्र कॉन्सर्टांनी ठासून भरलाय. स्टुडिओत बसून गायलेलं गाणं मला चालतच नाही. दोन मिनिटांत जीव कंटाळतो. मागे माणसं पाहिजेत.

हा नाद लागला तो देहूरोडला. लातूरकडून आयटीआय करून आलो होतो, पहिली नोकरी, कॉट बेसिसवर खोली. बाजारात रेडिओ आणि टेप दुरुस्त करणारे एक चाचा होते. तिथल्या छावणीतून बदली झालेले फौजी सामान हलकं करताना कॅसेटी त्यांच्याकडे टाकून जायचे. चाचांना इंग्रजी गाण्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. एक कॅसेट लावून बघितली, तोंड वाकडं केलं आणि माझ्या हातात दिली. "ये तू ले जा. इसमें गाना कम, पब्लिक ज़्यादा है." मला तेच तर हवं होतं! खोलीत कायम कुणीतरी नाईट करून झोपलेलं असायचं. बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही. मी उशीखाली वॉकमन घेऊन पडायचो आणि कानात हजारो माणसं एकदम ओरडायची. शब्द एक कळत नव्हता. पण एवढी माणसं कशाला तरी इतकी खूश झालीत, हे ऐकून बरं वाटायचं.

पुढे कळायला लागलं तसा मी चुकांवर भाळलो. एका अल्बममध्ये गिटारची तार तुटते. टण्णकन आवाज येतो, आणि नवीन तार चढेपर्यंत ड्रमवाला एकटाच किल्ला लढवत राहतो. दुसऱ्यात गायक सुरुवातच चुकीच्या कडव्याने करतो, थांबतो, हसतो, लोक त्याची टर उडवतात, मग पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे असा पीस निघाला तर थेट लाल पेटीत, स्क्रॅप. वर कारणं देत बसायचं. आणि या पठ्ठ्यांनी चुकीसकट छापून जगभर विकलं. मला तेव्हाही त्यांचा हेवा वाटायचा, आजही वाटतो.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. खरंय ते. मी एका जागी बसून ऐकूच शकत नाही. माझं सगळं ऐकणं कंपनीच्या बसमध्ये. मोशीला चढायचं, खिडकी धरायची, इयरफोन घालायचे. कुरुळीच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलं की ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसतो, मागची पोरं रील बघतात, पत्रे खडखडतात. मग काय, आवाज वाढवायचा. बस थांबली की माझा अंगठा आपोआप वर. शेजारचा म्हणायचा, "भावा, तुझं गाणं मला फुकटात ऐकू येतंय." मी म्हणायचो, ऐक की मग.

आणि कंपनीत? तिथे आवाज अडवायला कानात घालायचे बूच मिळतात. सगळ्यांच्या गळ्यात दोरीला लटकलेले असतात. सेफ्टीवाले साहेब राउंडला आले की आत, गेले की बाहेर. निदान प्रेसकडचा कान तरी उघडा ठेवायचाच. डायला, म्हणजे साच्याला, कुठे टवका उडाला तर तो आधी आवाजात कळतो, मग पत्र्यावर दिसतो. शिकवणाऱ्यांनी हेच शिकवलं, आणि आम्ही नवीन पोरांना हेच शिकवत आलो.

गेल्या वर्षी कधीतरी माझ्या आवडत्या अल्बमांमधली गर्दी वाढली. म्हणजे मला तसं वाटलं. गाणं सुरू व्हायच्या आधी लोकांची जी एक बारीक सळसळ असते ना, सीऽऽ अशी, ती गाण्यातही ऐकू यायला लागली. मी चक्क खूश झालो! म्हटलं, नवे इयरफोन भारी निघाले, मागच्या रांगेतली माणसंसुद्धा पकडतायत. बसमध्ये शेजाऱ्याला फुशारकी मारून झाली. मग एका सकाळी अंघोळीला बसलो होतो. कानात काही नाही, मोबाईल बाहेर चार्जिंगला. आणि सीऽऽ चालूच. मी नळ बंद केला. तरी चालूच. डोकं हलवलं, कानात बोट घातलं, तर आणखी मोठी झाली. तसाच ओला बाहेर आलो. बायको म्हणाली, "अहो, साबण तरी धुवा."

तिला काही बोललो नाही. कुणालाच बोललो नाही. कारण कंपनीची वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. त्यात कानाचीही असते. काचेच्या छोट्या केबिनमध्ये बसवतात, हेडफोन लावतात, आणि बीप ऐकू आला की बटण दाबायचं. तिची आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. प्रेसवरच्या माझ्या जोडीदाराने मला ती पहिल्याच वर्षी सांगितली होती, "काचेत बघ. टेस्ट घेणाऱ्या बाईचा हात हलला की दाब बटण." अख्खं प्रेस शॉप असंच पास होत आलंय. कान कुणाचे कसे आहेत ते देवाला ठाऊक.

या वर्षी बाई नवीन होत्या. त्यांनी खुर्चीच उलटी फिरवली. समोर भिंत. कानात ती सीऽऽ, त्यात कुठेतरी बीप असणार, पण कुठे? बसून राहवेना, म्हणून मी अंदाजाने दाबत सुटलो. थोड्या वेळाने बाईंनी दार उघडलं. "अहो काका, कशाला दाबताय? मी अजून मशीन चालूच केलं नाही."

बाहेर रांगेतली पोरं खदाखदा हसली. मीही हसलो. पण खरं सांगतो, मी घाबरलो होतो. नोकरीची भीती नव्हती, एका जागेवरून काढलं तर दुसरीकडे टाकतील. मला एकच दिसत होतं: माझी गाणी जाणार. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी स्वतःची म्हणून जमवली होती, आणि ती जाणार.

टेस्टमध्ये अर्थातच नापास झालो. चिंचवडच्या कानाच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं. गेलेलं परत येत नाही. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, ते गेलेत. कानातली शिट्टी राहणार, तिची सवय करून घ्यायची. उरलंय ते सांभाळायचं. इयरफोन बंद. "गाण्याची एवढी आवड आहे तर घरी हळू आवाजात, स्पीकरवर ऐका," म्हणाले. हळू आवाजात रॉक! मला त्यांच्यावर असा राग आला, जणू त्यांनीच माझे कान नेले होते.

कंपनीने मला स्टोअरला टाकलं. पुठ्ठ्याची खोकी, एक पंखा, शांतता. लोकांना वाटलं याची मजा झाली. कसली मजा! शांततेत ती शिट्टी अशी वाजते की भिंतीवर डोकं आपटावं. मी उगाचच रॅकमधून फेऱ्या मारायचो, खोकी इकडची तिकडे करायचो. बसमध्ये सगळ्यांच्या कानात इयरफोन, आणि मी खिडकीतून कुरुळीचे ट्रक बघत बसलेला. घरी आलो की चिडचिड. एकदा बायकोने विचारलं भाजी कुठली आणू, आणि मी उत्तर दिलं, "साडेसहाला." ती हसली नाही. मग मी तिला सगळं सांगितलं.

त्या गुरुवारी दुपारी तिने स्वतःहून मुलीचा स्पीकर आणून टेबलावर ठेवला. "लावा काय तो तुमचा कालवा." आणि मेथी घेऊन समोर निवडायला बसली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्या गाण्याला बसली होती. मी सगळ्यात लाडका अल्बम लावला.

त्यात शेवटच्या गाण्यात एक जागा आहे, जिच्याबद्दल मी कुणापाशी कधी बोललो नव्हतो. वाद्यं थांबतात, गायक गप्प होतो, आणि सगळी गर्दी हळू आवाजात एक ओळ गाते. त्या गर्दीत अगदी मागे कुणीतरी एक बाई आहे. ती पार बेसूर गाते, बाकीचे थांबले तरी हिची ओळ चालूच असते. कोण, कुठली, कुणास ठाऊक. मी दर वेळी तिच्यासाठी थांबायचो.

वाद्यं थांबली. मी पुढे वाकलो, मग उठलो, स्पीकरला कान लावला. गर्दीचं गाणं आलं, दबलेलं, गोधडीतून यावं तसं. ते विरलं. मी बाईची वाट बघितली. काही नाही. नुसती सीऽऽ. मी मागे नेऊन पुन्हा लावलं. काही नाही. मोबाईल बंद करायला हात पुढे केला, तर बायकोने मनगट धरलं.

"थांबा हो. कोण बाई मागून एकटीच गातीये, बघा ना. बाकीचे कधीच थांबले."

मी विचारलं, "कशी गातीये?"

"कशी म्हणजे? चिरक्या आवाजात. पण अगदी जीव लावून."

"मला नाही ऐकू येत गं," मी म्हणालो.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. हात पदराला पुसले. मीच तिसऱ्यांदा लावलं. तिने डोळे मिटून ती जागा नीट ऐकली, मग उठून माझ्या कानाशी तोंड आणलं, आणि शब्द एकही येत नसताना, नुसत्या लाऽ लाऽ वर, त्या बाईची ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. तशीच. जिथे सूर घसरतो तिथे बरोबर घसरवून.

मला हुंदका आवरला नाही. ती एकदम मागे सरकली.

"अगं बाई," ती म्हणाली, "एवढं वाईट गायले का मी?"