वाचनालयातले पंचमस्तंभी

तुम्हाला कोणी कधी पंचमस्तंभी म्हटलंय का? मला तीनदा म्हटलंय, आणि तिन्ही वेळा एकाच माणसाने.

विक्रोळीला आमच्या मंडळाचं मोफत वाचनालय आहे. तळमजल्यावरची एक खोली, बऱ्याच खुर्च्या, सहा पेपर. सकाळी आठ ते बारा ती मी सांभाळते. अकरा वर्षं झाली. नवीन पुस्तकं वर्षाला चार येतात, किस्से आठवड्याला चार. पुस्तकांवर नंबर टाकून ती कपाटात ठेवता येतात. किश्श्यांचं काय करायचं ते मला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

*

हा शब्द नाना घागांचा. नाना चौऱ्याऐंशीचे. सगळी नोकरी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. महायुद्धाच्या दिवसांत त्यांचे वडील चाळीच्या गॅलरीत बसून पेपर मोठ्याने वाचायचे. त्यातला हा एक शब्द घरात राहिला.

मी एकदा अर्थ विचारला. नानांनी पेपरची नीट घडी घातली.

"महायुद्धाच्या जरा आधी स्पेनमध्ये यादवी चालली होती. एक सेनापती राजधानीवर चाल करून निघाला. म्हणाला, चार स्तंभ, म्हणजे सैन्याच्या तुकड्या, बाहेरून येतायत, पाचवा शहराच्या आतच आहे. म्हणजे शत्रूला आतून मिळालेली माणसं. पुढे लढाईत तो शब्द सगळीकडे पसरला. आपल्या पेपरवाल्यांनी त्याचं पंचमस्तंभी केलं. मग काय, ज्याचा संशय येईल तो पंचमस्तंभी."

"पण ओळखायचा कसा?"

"ओळखता येत नाही. तो आपल्यातच बसून चहा पितो."

शेजारी परबकाका होते. कंपनीतून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे. ते पेपरमागून म्हणाले, "मगे हयसर च्या कोण पिणा नाय, ता सांगा."

नानांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

*

आमच्याकडे शब्दकोडं पेपरात भरायचं नाही असा नियम आहे. कोडं सगळ्यांचं, म्हणून ते वहीत उतरवून घ्यायचं. एकदा सोमवारी नाना नऊला आले, तर कोडं पेनाने पुरं भरलेलं.

"आतलंच कोणीतरी फुटलंय," नाना म्हणाले.

पुढचे तीन दिवस ते आठला दार उघडताच येऊन दाराकडे तोंड करून बसले. तिन्ही दिवस कोडं कोरं राहिलं, त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही.

"नाना, ते मीच भरलं. पेपर आठला येतो, तुम्ही नऊला येता. मध्ये तासभर मला काही काम नसतं."

नानांनी चष्मा काढला.

"पंचमस्तंभी," ते म्हणाले. मग तो पुसत म्हणाले, "आणि सात आडवं चुकलंय."

*

नानांना डायबिटीस आहे. त्यांच्या सुनेने, वैशालीने, घरी रक्तातली साखर मोजायचं मशीन आणलं. त्याच आठवड्यात परबकाकांची नात दहावी पास झाली आणि वाचनालयात पेढे आले. संध्याकाळी वैशालीचा मला फोन.

"ताई, नानांनी आज काय खाल्लं?"

"पेढे," मी म्हटलं. "तीन."

दुसऱ्या दिवशी नाना आले ते थेट माझ्या टेबलाशी. "दुसऱ्यांदा, सुमन. पंचमस्तंभी."

"मी बोलले नसते तरी मशीनने सांगितलंच असतं, नाना."

"मशीन शत्रूचंच आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

*

मे महिन्यात आमचा पंखा दुरुस्तीला गेला होता. तेव्हा परबकाका पलीकडच्या कॉलनीच्या वाचनालयात बसलेले दिसले. नानांनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं.

"गरम होता हो, नाना. थयसर दोन पंखे आसत."

"तिकडे बसलात ते ठीक. पण आपली पुरवणी कशाला घेऊन गेलात?"

"थयसरचे पेपर बरे नाय."

नानांनी हे वाक्य दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. परबकाकांना माफी मिळाली.

*

यंदा मात्र वाचनालयावरच संकट आलं. मंडळाचा सेक्रेटरी सचिन, बत्तीस वर्षांचा, याच बिल्डिंगमध्ये वाढलेला. त्याने ठराव आणला की खोलीत जिम काढायची. "रोज दहा माणसंसुद्धा वाचायला येत नाहीत. जागा कशाला अडवायची?"

नानांचं घर दोन खोल्यांचं. मुलगा घरून काम करतो, दिवसभर मिटिंग. नाना खोकले की तो आधी म्यूट करतो, मग पाणी देतो. वाईट मुलगा नाही. पण नानांना सकाळी बसायला दुसरी जागा नाही.

"सैन्य वाढवायचं," नाना म्हणाले. "प्रत्येकाने दोन माणसं आणायची. आणि बाहेर कोणी बोलायचं नाही."

आठवडाभर खुर्च्या भरल्या. परबकाकांनी शेजारी आणले, वैशाली भाजी निवडायला घेऊन बसली.

रविवारी मंडळाच्या मिटिंगमध्ये सचिन उभा राहिला. "सोमवारी वाचनालयात सोळा माणसं होती. वाचत होती चार. एक बाई मेथी निवडत होती."

नाना हळूच म्हणाले, "ही बातमी बाहेर गेली कशी?"

सचिनने वाचनालयाचं रजिस्टर वर धरलं. दर शनिवारी ते सेक्रेटरीच्या सहीला जातं. त्यात शेरा लिहायचा असतो आणि मी जे दिसतं ते लिहिते. अकरा वर्षं तसंच लिहीत आले. या आठवड्यात वेगळं काही लिहायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानांनी तो शब्द तिसऱ्यांदा वापरला, अगदी हळू. मग ते उठले. मला वाटलं, निघाले.

"लिहिलंय ते खरं आहे," नाना म्हणाले. "चारच वाचत होते. त्यांतला एक मी. मला दुसरीकडे बसायला जागा नाही."

एवढं बोलून ते खाली बसले.

सचिन थोडा वेळ रजिस्टरची मागची पानं उलटत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. उद्या साडेनऊला मी स्वतः येतो. कोणी कोणाला आणायचं नाही. वाचणारे दहा असले तर खोली राहील. एक जरी कमी असला तर नाही."

"मी अर्धो निजान वाचतंय," परबकाका म्हणाले. "माका कितको धरतलास?"

"पूर्ण धरतो, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला खोलीत आपणहून आलेले नऊ जण वाचत होते. सचिनने दारातून एकदा मोजलं, मग बोटाने पुन्हा मोजलं. नानांनी पेपरातून मान वर केली नाही. सचिनने चपला बाहेर काढल्या, नानांच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली, टेबलावरचा एक पेपर उचलला आणि वाचायला लागला. मी रजिस्टरात दहा लिहिलं.