ठिबकच्या नळीची मोटारसायकल

रिक्षा थांबवायला मी सांगितलं ते रागाच्या भरात, हे आधीच कबूल करते.

आम्ही फिजिओथेरपीहून घरी चाललो होतो. माझ्या नवऱ्याला (पुढे मी 'हे' असंच म्हणणार आहे, इतक्या वर्षांची सवय आता मोडत नाही) अर्धांगवायूचा झटका येऊन तेव्हा आठ महिने झाले होते. पाय सावरला होता, बोलणंही सावरलं होतं. उजवा हात मात्र खांद्यापासून उचलला जायचा आणि मनगटाशी येऊन रुसून बसायचा. दाबायला म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, तो टीव्हीशेजारी शोभेला ठेवलेला असायचा. बोलता येत असूनही हे बोलायचे नाहीत. चहा देऊ का, तर मान हलायची. पंखा बंद करू का, तर मान हलायची. मी शाळेत लिपिक आहे. दिवसभर बोलणाऱ्या माणसांत बसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीशी बोलायचं, असं माझं चाललं होतं.

रिक्षा गर्दीत अडकली ती एका गॅरेजसमोर. गॅरेजच्या बाजूला, जुन्या टायरांच्या ढिगाला टेकून एक मोटारसायकल उभी होती. तिच्या टाकीचा मूळ रंग कोणता ते देवालाच ठाऊक. सीट फाटून त्यातून गवत आलं होतं. यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चालू होईल ती."

न विचारता बोललेलं ते कित्येक दिवसांतलं पहिलं वाक्य. मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता, पण डोकंच फिरलं. बायकोशी बोलायला शब्द नाहीत आणि भंगाराशी आहेत, म्हटलं. रिक्षावाल्याला थांबवलं, उतरले आणि गॅरेजवाल्याला विचारलं, ही कितीला देता. तो आधी माझ्याकडे आणि मग गाडीकडे बघत राहिला. मालकाला ती नकोच होती, कागद मात्र धड होते. भंगाराच्या भावात सौदा झाला आणि दुसऱ्या दिवशी छोट्या टेम्पोतून ती मेहरूणला आमच्या दारात उतरली. आरटीओच्या किती खेपा झाल्या ते इथे लिहीत बसत नाही, माझाच रक्तदाब वाढायचा.

शेजारच्या अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हाई कसाले आनी व माय?"

"पूजेला," मी म्हटलं.

माझ्या रागाचं मूळ मात्र निराळंच होतं, ते सांगायला हवं. झटक्यानंतर तीनेक महिन्यांनी पुतण्याचं लग्न होतं. पंगतीत यांनी हट्टानं उजव्या हातानंच जेवायला घेतलं. वरण शर्टावर सांडलं. समोरून एक नातेवाईक उठले, प्रेमानंच उठले, आणि "घ्या भाऊ, मी भरवतो" म्हणून घास यांच्या तोंडाशी धरला. सगळी पंगत बघत होती. यांनी तो घास खाल्ला, हात धुतला, आणि त्या दिवसापासून चार माणसांत जेवणं बंद केलं. डाव्या हातानं जेवायची लाज, उजव्यानं जेवता येत नाही. मग लग्न नाही, बारसं नाही, तेरावं नाही. घरी कोणी जेवणाच्या वेळेला आलं तर हे आतल्या खोलीत जायचे. सगळीकडे मी एकटीच जायची आणि सांगायची, यांची शुगर वाढलीय. शुगर यांना कधी नव्हतीच. आखाजीला, म्हणजे लेकी माहेरी येऊन झोके घेतात त्या अक्षय्य तृतीयेला, धुळ्याला माहेरी गेले, तीही एकटी बसनं, आणि संध्याकाळच्या बसनं परत. झोक्यावर बसले नाही की गाणी म्हटली नाहीत. माणूस वाचला म्हणून देवाचे आभार मानायचे आणि तो माणूस घरातल्या घरात हरवत चाललाय ते मुकाट बघायचं, हे मला जमत नव्हतं.

तर गाडी आली. कामाची वाटणी आपोआप झाली: डोकं यांचं, हात माझे.

पिस्टन जाम होता. प्लग काढून आत डिझेल ओतायचं आणि वाट बघायची, असं यांनी सांगितलं. प्लग कुठला, मी विचारलं. "तुझ्या नाकासमोर हाय तो." हे मूळचे रावेरकडचे, केळीवाल्या घरातले. मनापासून चिडले की तिकडची बोली आपोआप येते. ती ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम आणखी दोनदा चुकीच्या जागी पाना लावला. मग रोज सकाळी चहाच्या आधी किक दाबून बघायची. आठवडाभर ती दगडासारखी. एके दिवशी पायाखाली थोडी सरकली, दुसऱ्या दिवशी पूर्ण खाली गेली. हे पायरीवर बसून नुसतं "हं" म्हणाले. पण त्या दिवशी चहा दोनदा मागितला.

टाकीत आतून गंज होता. मूठभर नट-बोल्ट आणि डिझेल टाकून ती गदागदा हलवायची. एका टोकाला माझे दोन हात, दुसऱ्या टोकाला यांचा डावा. टाकी एका बाजूला कलायला लागली तेव्हा यांनी उजवा हात खालून लावला. बोटं मिटत नव्हती, तळव्यावरच टाकी तोलली. मी पाहिलं आणि टाकी हलवत राहिले. आतून लालभडक पाणी निघालं. पुन्हा डिझेल, पुन्हा हलवणं, असं चार-पाच वेळा केलं. नंतर पॉलिश पेपर घेऊन हे डाव्या हातानं रिम घासायचे आणि उजव्या हातानं ती नुसती दाबून धरायचे. ज्या हातानं चेंडू दाबला नाही तो रोज तासभर रिम दाबायला लागला. डॉक्टरांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, चालेल, चेंडू परत द्या.

कार्बोरेटर उघडताना एक इवलीशी स्प्रिंग माझ्या हातून उडाली आणि कपाटाखाली गेली. "मले वाटे शाळेत हुशार माणसं ठेवतात," हे म्हणाले. मी म्हटलं, हुशार होते तोवर लग्न झालं नव्हतं. त्यावर हे हसले. तोंडाची उजवी बाजू जरा मागे राहते हसताना, पण हसले.

गाडी चालू झाली त्या सकाळी धुरानं सगळी गल्ली भरली. माणसं खोकत बाहेर आली आणि मग तिथेच उभी राहिली. यांनी सगळ्यांना सगळं सांगितलं, जेट कसा साफ केला, वायर कुठे तुटली होती. मी कौतुकानं बघत होते. तेवढ्यात अक्का पोह्यांचं ताट घेऊन आल्या आणि हे गुपचूप आत निघून गेले. गाडी दुरुस्त झाली होती आणि आम्ही तिथेच होतो.

मग यांनी ती चालवायचा हट्ट धरला. तलावाजवळच्या मोकळ्या मैदानात नेली. ॲक्सिलरेटर पिळला गेला, पण मनगट परत फिरलं नाही. गाडी यांना घेऊन सरळ काटेरी बाभळीत गेली. हाड मोडलं नाही हे नशीब. संध्याकाळी मी चिमट्यानं काटे काढत होते तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीन दिवस गाडीवरची धूळही कोणी पुसली नाही. गाडी परत गॅरेजवाल्याच्या गळ्यात मारायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. चौथ्या दिवशी हे आले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू शिक."

मी आयुष्यभर स्कूटी चालवलेली. गिअर म्हणजे काय ते चौपन्नाव्या वर्षी शिकले. हे मागे बसून शिकवायचे. "क्लच सोड. हळू. हळू म्हणजे हळू सांगितलं ना." नवरा मागे आणि बायको पुढे, असं आमचं वाहन मेहरूणमधून धक्के खात चालायचं. लोक बघायचे. मी विचारलं, लाज वाटते का. "बाभळीपेक्षा बरं," हे म्हणाले. लायसन्सच्या परीक्षेत मी पहिल्याच वेळी पास झाले, हे इथे नमूद करते, कारण घरात कोणी करत नाही.

आखाजी जवळ आली. हेच आपणहून म्हणाले, गाडीवर जाऊ धुळ्याला. मी हरखले. लगेच पुढची अट आली: "मी तिथं जेवणार नाही. तू जेव, झोके घे. मी बाहेर बसेन." निदान दारापर्यंत तरी येतील, म्हटलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पेट्रोलच्या नळीला चीर गेलेली दिसली. आता हे पंचवीस वर्षं शेतांतून ठिबक बसवणारा माणूस. आमच्या घरात काहीही तुटलं की उपाय ठरलेला. कपडे वाळवायची दोरी ठिबकच्या नळीची, पडद्याचा दांडा तिचाच, कुलरचं पाणीही तिच्यातूनच. यांच्या पिशवीतून बारीक काळी नळी निघाली, मापाला अगदी बरोबर. मीच कापली आणि मीच बसवली. पाण्याला चालते तर पेट्रोलला काय धाड भरलीय, असं आम्हा दोघांचंही मत पडलं.

सणाच्या आदल्या दिवशी, ऊन तापायच्या आत निघालो. एरंडोल मागे पडलं. पारोळ्याच्या अलीकडे पेट्रोलचा वास यायला लागला. पुढच्या गाडीचा असेल, म्हटलं. मग पायाला गार लागलं. "थांब. बंद कर. उतर," हे मागून म्हणाले, एकेक शब्द तोडून. उतरून बघितलं तर नळी टोकाशी ढिली होऊन सुटत आली होती आणि पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर टपकत होतं. माझी सलवार गुडघ्याखाली भिजली होती. एखादी ठिणगी पुरली असती. आजही आठवलं की हात जोडले जातात.

गाडी ढकलत निघालो, मी हँडल धरून आणि हे मागून एका हातानं रेटत. थोड्या अंतरावर कडुनिंबाखाली पत्र्याचं गॅरेज होतं. गॅरेजवाला चाळिशीचा असेल. त्यानं वाकून नळी काढली, बोटांत फिरवली आणि आमच्याकडे बघितलं.

"हाई तं वावरनी नळी शे. कोनी लाई?"

मी बोलणार इतक्यात हे म्हणाले, "मीनंच लावली. ठिबकचंच काम करतो."

मला वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही. हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, मन्हा वावरमा ठिबक शे. पन शेवटना झाडले पानी पोचस नही."

"फिल्टर कधी धुतला होता?"

"ते बी धोवं लागस का?"

यांनी कपाळाला हात लावला. मग काडी घेऊन खाली बसले आणि धुळीत त्याच्या शेताचा नकाशा काढायला लागले. विहीर कुठे, पाइप कुठून येतो, उतार कुठल्या बाजूला. तो रबरी नळी बसवता बसवता प्रश्न विचारत होता आणि हे उत्तरं देत होते. झटका आल्यापासून बाहेरच्या कोणी यांना काही विचारलंच नव्हतं. तब्येत विचारायचे सगळे, पण यांना जे येतं ते विचारलं ते फक्त या परक्या माणसानं.

गाडी झाली तोवर त्याची बायको मागच्या घरातून न्याहारी घेऊन आली. कळण्याच्या म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, ठेचा, कांदा. "बसा भाऊ, दोन घास खाई ल्या. ताई, तुम्ही बी बसा."

शुगरचं खोटं अगदी जिभेवर आलं. बघते तर हे माठाजवळ हात धूत होते, डावा. येऊन ताटाशी बसले. एका हातानं भाकरी तोडणं सोपं नसतं, ताटाच्या कडेवर दाबून तोडावी लागते. यांनी तशी तोडली आणि बोलतच होते, व्हॉल्व्ह आधी कुठला उघडायचा ते. गॅरेजवाल्याची नजर त्या हातावर क्षणभर थांबली. ती यांनी पाहिली.

"उजवा दुरुस्तीले टाकला हाय," हे म्हणाले. "पार्ट भेटत नही त्याचा."

"जुनी गाडीनं असंच ऱ्हास," तो म्हणाला आणि व्हॉल्व्हचं पुन्हा विचारलं.

मला रडू येत होतं, म्हणून मी कांदा फोडायला घेतला. डॉक्टरांची, शेजाऱ्यांची, देवाची मी ऋणी आहेच. पण त्या कडुनिंबाखाली बसलेल्या माणसाचे उपकार मी कुठल्या शब्दांत मानू ते मला आजवर कळलेलं नाही, कारण त्यानं काही केलं असं त्याला वाटणारच नाही. तेवढ्यात भावाचा फोन आला, कुठवर आलात म्हणून. मी म्हटलं, पारोळ्याला आहोत, जेवतोय. दोघं जेवतोय.

पलीकडे भाऊ काही तरी विचारत होता. मी ऐकत नव्हते. हे डावा हात पुढे करून त्या बाईंना सांगत होते, "वहिनी, अर्धी भाकरी आणखी द्या."