कट्ट्यावरची तिसरी जागा

आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी चौकात दूध द्यायला येतात, हे मी पुण्याच्या ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं, मी महापालिकेविरुद्ध तक्रार करतोय. मग समजावून सांगावं लागलं. चौकाच्या कडेला दूध कट्टा असतो. उन्हं कलली की आसपासच्या गल्ल्यांतून म्हशी येऊन ओळीनं उभ्या राहतात. गिऱ्हाईक समोर, म्हैस समोर, आणि मधे उकिडवा बसून मालक धार काढतो. पेला भरला की कोमट, फेसाळ दूध तिथंच उभ्यानं प्यायचं, नाहीतर घरून आणलेल्या किटलीत घालून न्यायचं. एका बाईंनी विचारलं, "म्हणजे न उकळताच?" मी म्हणालो, "आम्ही कोल्हापूरची माणसं. उकळायचं आमचं आम्ही बघतो." तेव्हा हे उत्तर मला फार भारी वाटलं होतं. आज त्याचा अर्थ मलाच लागत नाही.

पुढे नोकरीतून मी वेळेआधी मोकळा झालो (कंपनीनं मोकळं केलं, असं म्हणणारेही आहेत) आणि गावी परतलो. आल्या आल्या माझ्यासारख्याच दोघा रिकामटेकड्यांना धरून एक मंडळ काढलं. जुने धंदे करणाऱ्यांना बदलत्या बाजारात उभं करायचं, हे मंडळाचं काम. तिघांपैकी एकानंही जन्मात धंदा केलेला नव्हता, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर होता. पहिला हात आम्ही कोडोलीकडच्या एका गुऱ्हाळावर साफ केला. गुळाच्या वड्या पाडून त्या चॉकलेटसारख्या चांदीच्या कागदात गुंडाळायच्या, अशी माझी कल्पना. कागद गुळाला असा चिकटला की खायचं काय आणि टाकायचं काय हे गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत कळलं नाही. गुऱ्हाळाचे मालक भले गृहस्थ. उरलेला सगळा गूळ त्यांनी कागदासकट माझ्या घरी पोचवला. अजून थोडा आहे.

कट्ट्यावर ओळीतली तिसरी जागा माझ्या शाळेतल्या दोस्ताची होती. त्याच्या वडलांच्या काळापासूनची. कट्ट्यावरची जागा कुणाच्या नावावर नसते. रोज संध्याकाळी जिथं तुमची म्हैस उभी राहते ती तुमची, एवढाच कायदा. घरात लग्न असो की मयत, म्हैस आलीच पाहिजे. मालकाला जमत नसेल तर भाऊबंदांतला कुणीतरी घेऊन येतो. दोस्ताच्या दोन्ही म्हशींना तर आणावंही लागत नसे. गोठ्यातून सोडल्या की त्या रमतगमत यायच्या, वाटेत रिक्षा अडवायच्या आणि आपल्या जागेवर जाऊन चौकाकडं तोंड करून उभ्या राहायच्या. मागून हा रेडकू आणि चरवी घेऊन धावत यायचा. म्हैस पुढं आणि मालक मागं, हे बघून आम्ही त्याला विचारायचो, "नक्की कोण कुणाला पाळतंय?"

एका संध्याकाळी माझ्या हातात पेला देऊन तो म्हणाला, "भावा, ही गर्दी बघतोयस न्हवं? सगळी गप्पा मारायला आलेली गर्दी हाय. दूध घेणारी माणसं म्हातारी झाली. नव्या बिल्डिंगातली मोबाइलवरनं पिशवी मागवत्यात."

"मग?"

"मग काय मग? तू लोकांचं धंदं वर काढतोस म्हणं. माझा काढ की."

"गुऱ्हाळाचं ऐकलंयस का?"

"ऐकलंय. म्हणून तर म्हणतोय, तुझ्या चुका करून झाल्या असतील आता."

या विश्वासाला मी पात्र नव्हतो, पण तेव्हा मला फार भरून आलं. आठवडाभरात मी योजना तयार केली. संध्याकाळचं दूध कट्ट्यावर न नेता गोठ्यातच काढायचं, काचेच्या बाटलीत भरायचं आणि बिल्डिंगांमध्ये घरपोच द्यायचं. बाटलीवर म्हशीचं चित्र. मोबाइलवर गिऱ्हाइकांचा ग्रुप. दोस्तासाठी पुढून म्हैस आणि मागून माझ्या मंडळाचं नाव असलेला टीशर्ट. टीशर्ट बघून तो इतका खूश झाला की म्हशींपुढं जाऊन दोन्ही बाजूंनी वळून दाखवून आला.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वैरण टाकता टाकता ऐकत होत्या. "भावजी, मग कट्ट्यावर कोण जायाचं?"

"कुणीच न्हाय. म्हशींचाबी त्रास वाचला, तुमचाबी."

दोस्त जरा घुटमळला. "एक म्हैस उभी करू का तिथं? नावाला?"

मी प्रेझेंटेशन करण्यात हयात घालवलेला माणूस. हाताचा तळवा पुढं करून म्हणालो, "एकदा नव्या वाटेला लागल्यावर मागं बघायचं न्हाय. आणि जागा कुठं पळून जात्या?"

या शेवटच्या वाक्यावर दोघं नवराबायको हसले. मीही हसलो. आता ते वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी इकडंतिकडं बघतो.

पहिल्या दिवशी बाटल्या भरताना दोस्त, वहिनी आणि मी असे तिघं गोठ्यात होतो. धार काढून लगेच, फेसासकट, गळ्यापर्यंत भरल्या, बुचं लावली. काय देखण्या दिसत होत्या. मी त्यांच्यासोबत दोस्ताचा फोटो काढला. तो स्कूटरवरून निघाला. पहिल्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत फेस खाली बसला आणि प्रत्येक बाटली दोन बोटं रिकामी झाली. दारातल्या बाई म्हणाल्या, "हे काय, वाटेत पिऊन आलासा काय?" आयुष्यभर फेसाचं दूध विकलेल्या माणसालाही हे सुचलं नव्हतं, कारण कट्ट्यावर फेस बसला की तो पेल्यात वरून आणखी धार सोडायचा आणि पुढं बोलत राहायचा. बाटलीला वरून धार सोडता येत नाही, हे आम्हाला बाटल्या विकत आणल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून फेस बसू दिला, मग भरलं. बाटल्या काठोकाठ. पण तोवर दूध गार. आता तक्रार वेगळी. "गारच प्यायचं तर पिशवी काय वाईट?" कुणी ग्रुपवर लिहिलं, दूध म्हशीचंच आहे कशावरून? मी तत्परतेनं म्हशीचा फोटो टाकला. उत्तर आलं, म्हैस छान आहे, पण दूध तिचंच कशावरून?

याच बायकांचे सासरे कट्ट्यावर डोळे मिटून दूध प्यायचे. डोळे मिटून, कारण आधी उघड्या डोळ्यांनी धार बघितलेली असायची. आमच्या गावात माणूस सख्ख्या भावावर ठेवत नाही एवढा विश्वास समोर काढलेल्या दुधावर ठेवतो. आणि समोर न काढलेल्या दुधावर बिलकूल ठेवत नाही, मग ते कुणाचंही असो. मी इथं जन्मलो, इथंच ते दूध पिऊन वाढलो, आणि विकायला निघालो तेव्हा नेमकं हेच विसरलो.

विसरलो हे मान्य करायला मी तेव्हा तयार नव्हतो. मी जाहीर केलं की उद्या धार काढताना सगळ्यांना मोबाइलवर थेट दाखवू. दुसऱ्या दिवशी फोन घेऊन म्हशीच्या कासेजवळ बसलो. परकं माणूस जवळ आल्यावर तिनं पान्हा चोरला. दोस्त आचळं ओढतोय, थेंब नाही. ग्रुपवरची माणसं कोरडी चरवी बघतायत. मी आवाज मधाळ करून म्हणालो, "दोन मिनिटं थांबा हं, आपली माउली जरा लाजत्या." माउलीनं लाथ मारली. फोन शेणाच्या पाटीत उताणा पडला आणि चालूच राहिला. नंतर कळलं, बिल्डिंगमधल्या लोकांना बराच वेळ गोठ्याचे पत्रे दिसत होते आणि वहिनींचं हसणं ऐकू येत होतं. सगळ्या योजनेत लोकांनी शेवटपर्यंत बघितलेलं तेवढंच.

हळूहळू गिऱ्हाइकं गळाली. पावसाळा सरता सरता दोस्त म्हणाला, "भावा, ऱ्हाऊ दे. मी जातो आपला कट्ट्यावर." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मलाही हायसं वाटलं. म्हणालो, "चल, मीबी येतो."

त्या संध्याकाळी म्हशी सोडल्या. इतक्या दिवसांनी सुटल्या तरी वाट त्यांना पाठ होती. रिक्षा अडवत, मान हलवत कट्ट्यावर गेल्या आणि तिसऱ्या जागेपाशी जाऊन थबकल्या. तिथं दुसऱ्याच्या म्हशी उभ्या होत्या.

तो माणूस नदीपलीकडून यायचा. वाईट नव्हता. धार अर्धवट सोडून उठला आणि म्हणाला, "पावणं, तुम्ही बाटलीत गेलासा असं सांगितलं सगळ्यांनी. जागा मोकळी दिसली म्हणून उभा ऱ्हायलो."

दोस्तानं ओळीतल्या बाकीच्यांकडं बघितलं. त्याच्या वडलांच्या मांडीला मांडी लावून धार काढणारी माणसं ती. त्यातला एक म्हातारा पेला विसळत म्हणाला, "आता त्याला ऊठ म्हणायचं कसं? तो रोज येतोय. तू न्हाय आलास." मग जरा नरमून म्हणाला, "शेवटाला ऱ्हा उभा. गटारीच्या पल्याड. हाय जागा."

मी पुढं झालो. वाटाघाटी हा माझा विषय. म्हणालो, "हे बघा, चूक माझी हाय, ह्याची न्हाय. मीच त्याला येऊ नको म्हटलं."

म्हातारा म्हणाला, "ते सगळ्या गावाला म्हाईत हाय. तुमचं ते मोबाइलवरचं लाइव्ह आम्ही बी बघितलं." लोक हसले. त्यात दुष्टावा नव्हता, पण जागाही नव्हती.

दोस्त गटारीपलीकडं जाऊन उभा राहिला. म्हशी मात्र तयार होईनात. दावं सैल पडलं की त्या वळायच्या आणि तिसऱ्या जागेवरच्या म्हशींना डोकं लावायच्या. पहिल्या संध्याकाळी गंमत वाटली. मग रोज होऊ लागलं. एकदा शिंगाला शिंग भिडलं, एका बाईंची किटली लवंडली, वाहतूक अडली, पोलीस आला. दोस्त दोन्ही दावी मनगटाला गुंडाळून टाचांवर मागं रेलला होता आणि म्हशी त्याला ओढत नेत होत्या, त्याच्याच जागेकडं. मी एका म्हशीच्या पाठीला हात लावून "अगं, अगं" म्हणत होतो. इतक्या वर्षांत माणसांना बदलायला सांगायचा मला कधी संकोच वाटला नव्हता. म्हशीला काय सांगायचं ते सुचेना.

त्यानंतर त्यानं म्हशी आणणं बंद केलं. नुसतं डेअरीच्या संस्थेला दूध घालून शहरात दोन म्हशी परवडत नाहीत. दिवाळीनंतर गारगोटीकडच्या एका शेतकऱ्यानं त्या घेतल्या. टेम्पोत चढवताना दोस्त ड्रायव्हरला एवढंच म्हणाला, "चौकातनं नेऊ नगा. रंकाळ्याकडनं वळसा घाला." मी गोठ्याच्या दाराशी उभा होतो. वहिनींनी चहा आणून दिला. "घ्या भावजी," त्या म्हणाल्या, "पिशवीच्या दुधाचा हाय. सवय करायला पायजे आता." कप हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. पिववेना, आणि ठेवायलाही धीर होईना.

आता दोस्त पहाटे दुधाच्या पिशव्यांचा टेम्पो चालवतो. आपण बाटल्या दिल्या होत्या त्याच बिल्डिंगांमध्ये जातो. तो टीशर्ट अजून घालतो, कापड चांगलं आहे म्हणतो. आमचं मंडळ चालू आहे. मी आता फक्त सभांच्या खुर्च्या मांडतो, योजना दुसरे दोघं करतात. मंडळाच्या खोलीत दोस्ताचा बाटल्यांबरोबरचा तो फोटो मोठा करून लावलेला आहे. काढा म्हटलं की दोघं म्हणतात, फोटो चांगला आलाय, राहू दे.

परवा संध्याकाळी कट्ट्यावर गेलो तर तो तिथं उभा. काम नसताना पाय तिकडं वळतात म्हणाला. तिसऱ्या जागेवर नदीपलीकडचा तो माणूस धार काढत होता. मी दोन पेले सांगितले. दोस्त म्हणाला, "एवढी वर्सं झाली, पण कट्ट्यावर गिऱ्हाईक म्हणून कधी प्यालो न्हाय बघ."

त्या माणसानं त्याचा पेला काठोकाठ भरून दिला. दोस्तानं तो लगेच तोंडाला लावला नाही. हातात धरून, फेस खाली बसायची वाट बघत उभा राहिला. फेस बसला. दूध पेल्यात दोन बोटं खाली गेलं.

दोस्तानं पेला पुढं केला. त्या माणसानं त्याच्याकडं बघितलं, आचळ वळवलं आणि वरून धार सोडली. पेला पुन्हा भरला.