ब्लॅकजॅकच्या टेबलावरची अकरा मिनिटं

टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये मी अठरा वर्षं नर्स आहे. माणूस झोपलाय की गेलाय, हे मला खोलीच्या दारातूनच कळतं, असं मी पूर्वी नव्या मुलींना ऐटीत सांगायचे. हल्ली सांगत नाही.

मुलीच्या शाळेला सुट्टी लागली म्हणून आम्ही तिघं ब्रिस्बेनहून आठ दिवसांच्या क्रूझवर निघालो होतो. पहिल्याच रात्री समुद्र खवळला आणि नवऱ्याने केबिनमध्ये अंथरूण धरलं. मुलीला तिच्या वयाची पोरं भेटली. ती फक्त जेवणापुरती दिसायची. मी एकटी पडले. जहाज किनाऱ्यापासून बरंच लांब गेलं की तिथला कॅसिनो उघडतो. दुपारी सहज आत डोकावले, आणि दारापासून सर्वांत जवळच्या टेबलावरून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बस ना, मेट. एकट्याला कंटाळा येतो."

ते डार्विन शहरातले. गॅसच्या प्लान्टवर उभी हयात काढून रिटायर झालेले, बायको वारलेली, एकटेच प्रवासाला आलेले. टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर, खांबाला खांदा टेकवून बसायचे. डोक्यावर टोपी. मला पत्त्यांतलं बदाम-सात सोडून काही येत नव्हतं. ब्लॅकजॅक त्यांनी शिकवला: पानं वाटणाऱ्या डीलरपेक्षा आपल्या पानांची बेरीज एकवीसच्या जास्त जवळ न्यायची, एकवीस ओलांडलं की मेलो. आणखी पान हवं तर टेबलावर बोटाने टकटक करायचं. बस झालं तर पानांवरून हात आडवा फिरवायचा.

"नुसतं तोंडाने सांगून नाही चालत?" मी विचारलं.

डीलर हसली. ती फिलिपिन्सची, चाळिशीची बाई होती. तिने नजरेनेच छताकडे खूण केली. तिथे काळे गोल कॅमेरे होते. "त्यांना ऐकू येत नाही, मॅम. फक्त दिसतं."

दोन दुपारी आम्ही असे खेळलो. टेबलावर आम्ही दोघंच असायचो. ते फार बोलायचे नाहीत, पण मी अडले की हळूच सांगायचे.

तिसऱ्या दुपारी जहाज चांगलंच डोलत होतं. वरची काचेची झुंबरं बारीक किणकिणत होती. कॅसिनोला खिडकी नव्हती, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. गृहस्थ आधीच येऊन बसले होते. मान जरा खाली, टोपी कपाळावर ओढलेली, उजवा हात टेबलाच्या मऊ कडेवर.

आम्ही काही डाव खेळलो. मग माझी बेरीज पंधरा आली आणि मी त्यांच्याकडे वळले. "घेऊ का पान?"

"राहू दे," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, घशात कफ असल्यासारखा.

मी राहू दिलं. डीलरचीच बेरीज एकवीसच्या वर गेली. मी हसले. तेही जिंकले होते. डीलरने त्यांच्या पैजेच्या चिप्सशेजारी आणखी चिप्स ठेवल्या. त्यांनी उचलल्या नाहीत, म्हणजे तीच पुढच्या डावाची पैज. पुढच्या डावाला तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांचा हात पानांवरून आडवा फिरला, ती पुढे सरकली. पुन्हा जिंकले. त्याच्या पुढचाही डाव तसाच. ते एकदाही हरले नाहीत. हरले असते तर चिप्स ठेवायचं समोरचं वर्तुळ रिकामं झालं असतं आणि आम्ही दोघींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं असतं.

मध्येच त्यांनी विचारलं, "बाहेर अजून उजेड आहे का?"

मी घड्याळ पाहिलं. "तीन वाजलेत फक्त. आहे की उजेड."

"बरं झालं," ते म्हणाले.

त्या पंधराच्या डावापासून सहाव्या डावाला डीलरने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती थांबली. "सर?" परत एकदा, जरा मोठ्याने, "सर?"

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. सवयीने बोटं नाडीवर गेली. नाडी नव्हती. हात गार पडला होता, नखं निळी झाली होती. एसीतला गारवा कोणता आणि हा गारवा कोणता, ते मला कळतं.

आम्ही त्यांना गालिच्यावर आडवं केलं. मी छाती दाबायला लागले. डीलरने बटण दाबलं, स्पीकरवर कसला तरी कोड पुकारला गेला, जहाजाचे डॉक्टर धावत आले. पलीकडे स्लॉट मशीन्स वाजतच होती. पंचवीसेक मिनिटांनी डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुरे." मी थांबले तेव्हा माझे गुडघे सोलवटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिक्युरिटीच्या अधिकाऱ्याने मला बोलावलं. मऊ बोलणारा माणूस होता. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "तुम्ही नर्स आहात म्हणून दाखवतोय. तुमची हरकत नसेल तर."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. वरून घेतलेलं चित्रण, आवाज नाही. टेबल, डीलरचे हात, माझ्या केसांचा भांग, त्यांची टोपी. कोपऱ्यात वेळ पळत होती. त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता. एकदा बोटं जराशी आखडली, मग सैल झाली. त्यानंतर तो हात हलला नाही.

"इथून तुम्ही नाडी बघेपर्यंत अकरा मिनिटं," अधिकारी म्हणाला.

त्या अकरा मिनिटांत मी स्वतःला पाहिलं. मी त्यांच्याकडे वळून काहीतरी विचारते. मान कलती करून ऐकते. हसते. मग घड्याळ बघते, पुन्हा त्यांच्याशी बोलते, पुन्हा ऐकते. प्रत्येक डावाला डीलर त्यांच्याकडे बघते, मान हलवते आणि पुढे सरकते. हात तिथेच.

चहा मी तसाच ठेवला.

"डीलरचं म्हणणं आहे की त्यांनी दर वेळी खूण केली," तो म्हणाला. "खूण नसताना डाव पुढे नेला असेल, तर तिची नोकरी जाऊ शकते. तुम्ही काय पाहिलंत?"

हॉस्पिटलमध्ये मी जे पाहते तेच चार्टवर लिहिते. अंदाज लिहीत नाही. समोर चित्रण होतं, आणि मला आठवत होता तो फिरणारा हात, मनगटावरच्या तपकिरी डागांसकट.

"त्यांनी खूण केली," मी म्हणाले. "पाच वेळा. मी पाहिलं."

"पण इथे तर..."

"इथे दिसत नाहीये, हे मलाही दिसतंय. तुम्ही मी काय पाहिलं ते विचारलंत."

त्याने तसंच लिहून घेतलं. मी सही केली.

केबिनमध्ये येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उशाला टेकून बसला होता. म्हणाला, "अगं, तू त्यांच्या बोलण्याची सवय करून घेतली होतीस. मनाने भरून काढलंस."

"आणि डीलरने?"

तो उशी सारखी करू लागला. त्या दिवशी मी मुलीला माझ्यापासून दूर जाऊ दिलं नाही. "मॉम, यू आर बीइंग वीअर्ड," ती म्हणाली, पण बसली शेजारी.

ब्रिस्बेनला उतरायच्या आदल्या दिवशी डीलर मला डेकवर भेटली. युनिफॉर्म नव्हता, त्यामुळे आधी ओळखलीच नाही. तिला ताकीद मिळाली होती, नोकरी वाचली होती. तिने माझे दोन्ही हात धरले.

"थँक यू, मॅम. तुम्ही हात पाहिलात म्हणून सांगितलंत."

"तूही पाहिलास ना?"

तिने आजूबाजूला नजर टाकली. "मी हाताकडे बघतच नाही, मॅम. इतक्या वर्षांनी नुसता चेहरा बघून कळतं. ते दर वेळी मान वर करून माझ्याकडे बघत होते." मग म्हणाली, "शेवटच्या वेळी नाही बघितलं. म्हणून मी हाक मारली."

चित्रणात टोपी एकदाही वर झाली नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही.

महिन्याभराने त्यांच्या मुलीचा डार्विनहून फोन आला. क्रूझ कंपनीने माझी परवानगी घेऊन नंबर दिला होता. मी ड्यूटीला निघाले होते, हॉस्पिटलच्या कार पार्कमध्येच फोन घेतला. ती भराभर बोलत होती, जणू थांबली तर रडू येईल.

"तुम्ही बाबांशी शेवटपर्यंत बोलत होतात, असं मला सांगितलं. खरं आहे का?"

"हो," मी म्हणाले.

"ते काही म्हणाले का?"

मी तिला सांगितलं: त्यांनी मला पान घेऊ दिलं नाही, ते बरोबर होते. बाहेर उजेड आहे का म्हणून विचारलं, मी आहे म्हणून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्रास झाला का त्यांना?"

"नाही. शांत होते."

तिने आभार मानले आणि फोन ठेवला. अकरा मिनिटांबद्दल तिने विचारलं नाही, मीही बोलले नाही. शिफ्टला दहा मिनिटं उशीर झाला. त्या दिवशी माझ्या वॉर्डात खिडकीजवळ एक आजी होत्या, डोळे मिटून पडलेल्या. मी आत जाताच त्या म्हणाल्या, "आलीस का, डिअर?" मी उत्तर दिलं नाही. आधी जवळ गेले, त्यांचं मनगट धरलं, आणि ठोके लागेपर्यंत तशीच उभी राहिले.