चिकित्सक वृत्ती : अजिबात नाही

कॉलेजात मी एकच विषय शिकवायचे आणि तो कुणालाच नको होता. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, सगळ्यांना सक्तीचा. नाव 'सामान्य शिक्षण'. पोरं त्याला 'जनरल' म्हणत, आणि वर्गात येऊन बसतही जनरलच्या डब्यात बसल्यासारखीच. बातमी खरी की खोटी कशी ओळखायची, जाहिरात काय लपवते, कुणी काही म्हणालं तर पुरावा काय मागायचा, असलं मी शिकवायचे. तासिका तत्त्वावर होते. म्हणजे विषय आहे तोवर मी आहे.

मला मात्र तो विषय जीव की प्राण. एकदा धाड गावच्या आठवडी बाजारात पोरांना पाठवलं, विकणाऱ्याचा एक तरी दावा तपासून या म्हणून. एका मुलीने गुडघेदुखीच्या तेलवाल्याला इतकं भंडावलं की तो बिचारा म्हणाला, बाटली फुकट ने, पण इथून जा. तिने त्यालाच विचारलं, "फुकट काऊन देता?"

मग विद्यापीठाचं पत्र आलं. पोरं पास होतात ते ठीक, पण शिकली काय ते दाखवा. आमचे समन्वयक सर सज्जन माणूस, फक्त पत्राला भितात. मला म्हणाले, "मॅडम, एकच प्रश्न ठेवा. निम्म्याहून जास्त पोट्ट्यांनी हो म्हटलं तर कोर्स राह्यते. नाही तर मंग..." पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं.

प्रश्न मी स्वतः लिहिला. चांगला वजनदार लिहिला, विद्यापीठात वाचणाऱ्याने चष्मा सारखा करावा असा. 'या अभ्यासक्रमामुळे आपली चिकित्सक वृत्ती वाढली काय?' खाली दोन चौकोन : 'होय, वाढली' आणि 'अजिबात नाही'.

चाळीस फॉर्म आले. अडतीस जणांनी 'अजिबात नाही'वर खूण केली होती. काहींनी खाली दोन रेघाही ओढल्या होत्या. एकाने लिहिलं होतं, 'देवाच्या कृपेने अजिबात नाही.' उरलेल्या दोघांपैकी एकाने 'होय'वर खूण करून विचारलं होतं, 'बारावीला बायोलॉजी नव्हते, तरी सिव्हिल हॉस्पिटलात घेतील का?'

मी भडकले. वर्षभर घसा कोरडा केला तो काय पालथ्या घड्यावर पाणी ओतायला? तणतणत वर्गात गेले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, काय गं, काहीच नाही वाढलं?

"मॅडम, मी काऊन चिकित्सक राहीन?" ती दुखावून म्हणाली. "ताटात पडलं ते गुमान खाणारी आहो मी. पाह्यजे तर माह्या मायले विचारा."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे चिकित्सक म्हणजे वरणात मीठ कमी म्हणणारा, मेथीची जुडी सोडून बघणारा, कशालाच बरं न म्हणणारा माणूस. मुलगी बघायला आलेली बाई हळूच शेजारणीला विचारते, पोरगी चिकित्सक तर नाही नं? अख्ख्या वर्गाने चांगल्या वर्तणुकीचा दाखला भरून दिला होता. माझी आत्या मला जन्मभर याच शब्दाने नावं ठेवत आली, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. शिकलेल्या बाईची अक्कल अशी असते.

सरांनी तोडगा काढला. पुन्हा कोरे फॉर्म, आणि सोबत एक भरलेला नमुना, 'होय'वर खूण केलेला. सांगायला लाज वाटते, पण मी तो नमुना मुकाट्याने फळ्यावर चिकटवला. तेवढ्यात ती तेलवाल्याला भंडावणारी मुलगी उभी राहिली.

"मॅडम, तुम्हीच सांगतलं होतं, कागद हातात आला का आधी पाहाचं, याचा फायदा कोणाले."

"हो."

"मंग याचा फायदा कोणाले?"

"मले," मी म्हटलं.

वर्ग हसला. मीही हसले, पण कानशिलं तापली होती. नमुना काढला, शब्दाचा पुस्तकी अर्थ सांगितला, खरं वाटेल ते लिहा म्हटलं आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथे मी सरळसरळ घाबरले होते. हा विषय गेला तर दुसरं मला शिकवताही आलं नसतं.

मोजणी झाली. वीस होय, वीस अजिबात नाही.

"एक फॉर्म बाजूले ठेवा नं मॅडम, काम झालं," सर म्हणाले. "हा पाहा, यावर लय काय काय लिहेल आहे. रद्द म्हणता येते."

फॉर्म 'फायदा कोणाले' विचारणाऱ्या त्या मुलीचाच होता. खूण 'अजिबात नाही'वर. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चिकित्सक मी आधीपासूनच होती. घरी त्याच्यासाठी बोलणे खात होती. मॅडमच्या तासाले मले पहिल्यांदा कोणी चूप बस म्हटले नाही.'

मी तो मोजला. कोर्स गेला आणि त्याच्यामागे मीही. वाईट वाटलं, पुष्कळ दिवस वाटलं.

पुढच्या जूनमध्ये लोणारकडच्या एका कॉलेजात मुलाखत झाली. तिथे विचारलं, तुमच्या शिकवण्याचा विद्यार्थ्यांवर काय परिणाम झाला, याचा काही पुरावा आहे का? मी त्या फॉर्मची झेरॉक्स पुढे ठेवली. समोरच्या सरांनी ती दोनदा वाचली.

"पण मॅडम, हे तुमच्या बाजूनं आहे का तुमच्या विरुद्ध?"

"तपासा," मी म्हटलं.